सुट्टीच्या दिवशीची सुनावणी

आमच्या घरी पाहुणा आला की चहाआधी त्याला एक शब्द मिळतो. शब्द हुकूम. बाबा सांगतात, हुकूम मूळचा अरबी, फारसीवाटे आपल्याकडे आला, आणि त्याचा खरा अर्थ निवाडा. हाकीम, हकीम, हिकमत ही सगळी त्याचीच भावंडं. फर्मान वेगळं. ते फारसी, आणि नुसतं वरून सुटतं. हुकूम करणाऱ्याला मात्र आधी समोरच्याचं ऐकावं लागतं. एवढं होईतो चहावर साय धरलेली असते.

बाबांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. संस्थान गेलं, कचेरी गेली, आम्ही नागरवाड्यातून फतेगंजच्या फ्लॅटात आलो. कारकुनी मात्र सामानाबरोबर टेम्पोत चढून आली. बाबाही सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, सुटलो. कसले सुटतोय! इतकी वर्षं ऑफिसात खपत होतं ते सगळं घरात यायला लागलं. कुठलाही निर्णय आधी मसुदा म्हणून फ्रिजवर लागतो, ज्याला तो लागू त्याची सुनावणी होते, आणि मग हुकूम. तोवर मनाई नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकण्याबद्दलचा माझा मसुदा अजून सुनावणीवर आहे, आणि टॉवेल पलंगावर.

यंदा डिसेंबरात नवा मसुदा लागला. "गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने उत्तरायणास गच्चीवर जाऊ नये." उत्तरायण म्हणजे इकडची संक्रांत, पतंगांचा दिवस. घरात अशी व्यक्ती एकच, म्हणजे आई.

आई पाणीगेटची, म्हणजे शहरातल्या जुन्या पतंगबाज वस्तीतली. तिचा पतंग वर गेला की सोसायटीतली मुलं आपापले पतंग दुसरीकडे वळवतात. लग्नापासून ती पेच लावते आणि बाबा मागे मांजाची फिरकी धरतात. आदल्या वर्षी ती गच्चीच्या जिन्यावरून पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ते उत्तरायण तिने खिडकीत बसून काढलं. वरून "काप्यो छे!" अशी पतंग कापल्याची आरोळी आली की ती अर्धी उठायची आणि परत बसायची. मला ते बघवत नव्हतं.

आईने मसुदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाली, "मला म्हणणं मांडायचंय."

बाबा हरखले. घरात कुणीतरी पद्धत पाळत होतं. पहिल्या सुनावणीत आईने डॉक्टरांचा अभिप्राय मागितला. डॉक्टर म्हणाले, सावकाश, कठडा धरून चढायला हरकत नाही. बाबांनी तो अभिप्राय मोघम ठरवला. पुढच्या वेळी तिला तिळाचे लाडू वळायचे होते म्हणून मुदत हवी होती. त्यापुढे उंधियूची पापडी निवडायची होती. लाडू ज्यांना खायचे होते त्यांनीच मुदती मंजूर केल्या. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "आता शेवटची तारीख. चौदा जानेवारी, सकाळी दहा. पुढे मुदत नाही."

आई नुसतं "बरं" म्हणाली. आई वाद न घालता "बरं" म्हणते तेव्हा माणसाने सावध व्हावं, पण बाबांचं लक्ष फाइलला टॅग लावण्यात होतं.

चौदाला दहाच्या ठोक्याला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसले. आई घरात नव्हती. फिरकीही जागेवर नव्हती. त्यांनी फोन स्पीकरवर लावला.

"अगं, दहा वाजले. सुनावणी आहे ना?"

"आज कशी असेल? उत्तरायणाची सुट्टी. कचेरी बंद."

मागून कुणीतरी ओरडलं, "काकी, ढील आपो, ढील!" आणि फोन बंद झाला.

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तारीख लाल होती. सगळ्या नोकरीत त्यांनी सुट्टीच्या दिवशी कुणाला तारीख दिली नव्हती. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले.

"ती पडली तेव्हा मी मागेच होतो," ते म्हणाले. "हात पोचला नाही."

मसुद्यात हे कारण कुठेच नव्हतं. तिथे फक्त 'वैद्यकीय' असं लिहिलं होतं. मला त्यांचा राग आला होता, तो तिथल्या तिथे गेला.

आम्ही वर गेलो. बाबा प्रत्येक पायरीवर कठडा हलवून बघत होते. आई पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभी होती, मान वर, मांजा बोटांत. फिरकी तिच्या पायाशी वेडीवाकडी लोळत होती. तिने वळून पाहिलं नाही, पण पावलं ओळखली असावीत.

"फिरकी धरा," ती म्हणाली. "आणि मोकळी सोडा."

बाबांनी काखेतली फाइल माझ्या हातात दिली आणि फिरकी उचलली. ना मसुदा, ना सुनावणी. बाबांच्याच व्याख्येप्रमाणे हा हुकूम नव्हता, शुद्ध फर्मान होतं, आणि त्याची अंमलबजावणी आमच्या घरात प्रथमच ताबडतोब झाली. फक्त बाबा नेहमीपेक्षा जवळ उभे राहिले, हात पोचेल इतके.