कौशल्याबाईंचा शिरा आणि उत्कर्षाच्या प्लेटलेट्स

मी सदाशिव पेठेतली घरमालकीण, तेव्हा भाडेकरूचं कौतुक करायची मला सवय नाही. पण उत्कर्षाचं करते. मूळची अमरावतीची. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. म्हणजे आमच्या पेठेत जन्मायची, चुकून तिकडे जन्मली.

अधूनमधून ती प्लेटलेट्स देऊन येते. हाताला सुई, शेजारी यंत्र. यंत्र प्लेटलेट्स तेवढ्या ठेवून घेतं आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. येताना ही बाई मंडईतून भाजीसुद्धा घेऊन येते.

गेल्या श्रावणात तिची आई कौशल्याबाई राहायला आल्या आणि त्यांना हे कळलं. झालं! घर डोक्यावर घेतलं.

"काऊन व? अंगातलं वाटाले भंडारा लावला काय तू? पुन्हा गेली त मायं मेलेलं तोंड पायशीन!"

"आई, वाघोलीची रुपाली म्हणून एक आहे. रक्ताचा कर्करोग. प्लेटलेट्स कमी पडल्यात, म्हणून हिरड्यांतून रक्त थांबत नाही तिचं. उद्या येते म्हणून शब्द दिलाय मी."

कौशल्याबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला वाटलं, पटलं. कसलं काय! सकाळी उठून बघते तर कढईत शिरा, आणि कडेनं तूप सुटलेलं. वर पुऱ्या. "जायचंच हाय त ताकद घेऊन जाय," म्हणाल्या. आईचं मन मोडवेना, म्हणून उत्कर्षानं मुकाट्यानं खाल्लं.

रक्तकेंद्रात आम्ही तिघीही गेलो. तिथल्या तंत्रज्ञ केदारनं रक्ताचा नमुना घेतला, यंत्रात फिरवून नळी उजेडात धरली. वरचं पिवळसर पाणी दुधासारखं पांढरं झालेलं. "ताई, तूप खाऊन आलात? असलं चालत नाही. उद्या हलकं खाऊन या." रुपालीचा नवरा तिथेच उभा होता. "उद्यापर्यंत निभेल ना?" त्यानं विचारलं. उत्कर्षाच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

कौशल्याबाईंनी उत्कर्षाचा हात धरला. "हिच्या बाबाले डेंगी झाला होता. शेवटी अकरा हजार राह्यल्या होत्या प्लेटलेट्स. मले वाटलं, हिच्याबी तशाच सरतीन." माझा राग तिथेच गळाला.

रात्र कशीबशी निघाली. तिकडे रुपालीनंही काढली. सकाळी उत्कर्षा वरण-भात खाऊन खुर्चीत आडवी झाली. ओठांना मुंग्या आल्या, केदारनं कॅल्शियमची गोळी दिली, मुंग्या गेल्या. कौशल्याबाईंनी हुकूम सोडला, "सुरुवातीले मोजल्या, आता झाल्यावरबी मोजा. मले पाहू द्या."

आधी दोन लाख साठ हजार होत्या. नंतर एक लाख नव्वद हजार.

"कमी झाल्या!" त्या ओरडल्याच.

"होणारच की, मावशी, दिल्यात ना," केदार म्हणाला. "पण दीड लाखाच्या वर म्हणजे ठणठणीत. आत नव्या बनतच असतात, थोड्या दिवसांत भरून निघतील. सुरुवातीलाच दीड लाखाच्या खाली असत्या तर मीच हाकललं असतं यांना."

"अन् एका माणसानं दिलेलं एका माणसाले पुरते?"

"पुष्कळदा तेवढ्यावर वेळ निभावते."

त्यांनी केदारकडे बघितलं, मग प्लेटलेट्सच्या पिशवीकडे. पिवळसर, दाटसर, अजून कोमट. पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे फोन दिला आणि पुण्यातच राहणाऱ्या पुतण्याला लावायला सांगितला.

"शुभंकर, वजन किती हाय तुयं? साठ किलो? मंग प्लेटलेट्स द्याले चालते त! नाटकं करू नको पोट्ट्या, उद्या मुकाट्यानं ये इकडं. तुया काकाले असा एक माणूस भेटला असता, त आज ते असते."