माज, लस आणि आमचा दादा

सगळ्या तालुक्याच्या गुरांचा ताप दादाला नुसता हात लावून कळायचा, मग स्वतःचा इतका वाढलेला कसा कळला नाही? आईला विचारलं, भोरच्या डॉक्टरांना विचारलं. कुणी सांगितलं नाही. दारात बसायला येणारे मात्र दादाचे किस्से सांगतात. माणूस गेला की किस्से साचतात, न झाडलेल्या गोठ्यातल्या शेणासारखे. माझ्याकडचेही घ्या.

दादा वेल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात शिपाई. सरकारी कागदावरचे शब्द गावोगाव समजावून सांगायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. मी तिसरीत शाळा सोडलेली. सायकल माझी, म्हणून बरोबर.

गुंजवण्यात त्यानं 'समतोल आहार' सांगितला. म्हशीला हिरवा चारा, सुका चारा आणि खुराक, तिन्ही पाहिजे. मागून तान्हीकाकू म्हणाल्या, "ह्ये आमच्या सासूबाईस्नी सांग की. म्हशीला तिन्ही, मला निस्ता सुका."

'माज' सगळ्यांना ठाऊक. पण माजावर आलेली गाय त्याच दिवशी रेतनासाठी दवाखान्यात आणायची, हे दादा घसा फोडून सांगायचा. भिकोबांनी आणली बुधवारी.

"सोमवारी आली माजावर. सोमवारी आमी जनावर कामाला काढत न्हाई."

"आन मंगळवारी?"

"मंगळवारी माज उतरला व्हता."

"मग आज कशाला आणलीत?"

"तूच म्हणलास नव्हं, आणा म्हून."

सगळ्यात अवघड शब्द 'लस'. दुखणं यायच्या आधी, धडधाकट जनावराला टोचायची. लोक धडधाकट बैल रानात लपवायचे आणि मरायला टेकलेली गाय पुढं करायचे! पावसाआधी घटसर्पाची लस सगळीकडं व्हायला हवी, म्हणून दादा ताप अंगावर काढत फिरला. डोंगरावरची एक वाडी राहिली आणि तो गेला.

तेरावा झाल्यावर दवाखान्यातल्या कंपाउंडरला घेऊन मी वाडीवर गेलो. दावणीला तीन रोगट जनावरं. वाडीचे म्हातारे कारभारी म्हणाले, "चांगल्या बैलाला का टोचायचं, त्ये सांग. तुजा दादा सांगायचा."

मी शर्टाची बाही वर केली आणि कंपाउंडरला म्हटलं, "आधी मला टोचा."

"आरं, गुरांची हाय ती."

"असू द्या. मी धडधाकट हाय."

कारभारी माझ्या तुळतुळीत डोक्याकडं बघत राहिले. मग पोराला म्हणाले, "जा. रानातनं बैल आण."

बैल आला. मी वेसण धरली. मागनं दुसरा आला, तिसरा आला. शेवटच्या वासरापर्यंत सगळी जनावरं मीच धरली.