म्हशीची जार
डेअरीतून खरवसाचा वास आला की मला आधी मळमळतं. हे गेल्यावर चार महिने माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, म्हणून नणंदेने इंदिरानगरहून उचलून ओझरजवळच्या मळ्यावर नेलं. तिथे म्हैस नुकतीच व्यालेली, तिची जार म्हणजे वार अजून पडायची होती. "वहिनी, जार पडेपर्यंत हलायचं नाय. तिनं ती खाल्ली तर दूध आटतं," असं बजावून ती घरात गेली. शेणामुतात, नाकाला पदर लावून मी तीन तास बसले. अखेर तो लिबलिबीत, रक्ताळलेला गोळा थपकन पडला आणि म्हशीने मान वळवली. किंचाळतच मी तो दोन्ही हातांनी ओढला, खड्ड्यात पुरला आणि तिथेच ओकले. शी! चारदा साबण लावला तरी हातांचा वास जाईना. त्याच हातांनी दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. अजूनही मळमळून झालं की मला कडकडून भूक लागते.