पिलांवरची मरळ

गळ विकत घेताना लोक चकाकी बघतात, त्याचा मला लई राग येतो. चकाकीला मासा भुलत नाही, गिऱ्हाईक भुलतं. गळ घ्यावा आणि अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढावा. घसरला तर दुकानदाराच्या डबीत परत टाकावा, नखात रुतला तर घ्यावा. एवढंच शास्त्र आहे. हल्ली लोक मोबाईलवर बघून रिळाच्या काठ्या मागवतात, तलावावर येऊन दोन तास तंगुसाचा, त्या नायलॉनच्या दोऱ्याचा, गुंता सोडवत बसतात आणि मग मलाच विचारतात, "मावशी, इथं मासे हायेत का?" मासे हायेत बाबा, तू अक्कल आणलीस का?

मी काही जन्माची मासेमारीण नव्हे. माहेरी आमच्या विहिरीत फक्त बेडकं होती. लग्न होऊन बीड जिल्ह्यातल्या या गावात आले, तर सासरे गावच्या तलावाच्या मच्छीमार सोसायटीचे सभासद. मी त्यांना मामा म्हणायची. सोसायटीत बाकी सगळी भोयांची घरं, आमच्या बौद्ध वस्तीतले सभासद मामा एकटेच. त्यांना आत घ्यायचं की नाही यावर दोन बैठका गाजल्या होत्या म्हणे. मामा त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. पण सभासदाचं कार्ड त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं, आणि फोटो पुसायचा तर कार्डही पुसावं लागे.

मी आले तेव्हा त्यांचे डोळे जायला लागले होते. काचबिंदू. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायचे. गळ बांधणं त्यांना जमेना, म्हणून एक दिवस त्यांनी मला हाक मारली. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर कारखान्याला, सासू कधीच गेलेली, मग दुसरं होतं कोण?

"पोरी, तंगूस दोन हातांत धर अन् झटका दे," ते म्हणाले. मी झटका दिला, तंगूस तुटला. "बघ, म्हातारा झालाय. पांढरा पडलेला तंगूस म्हातारा असतो. टाकून दे."

असं करत शिकवलं त्यांनी. गाठ आवळायच्या आधी तिला थुंकी लावायची, कोरडी आवळली तर तंगूस घासून भाजतो आणि ऐन वेळी तिथंच तुटतो. काठी कळकाची, शेंड्याला लवणारी, बुडाला ताठ. रहू-मृगळाला गळ बारीक आणि कणकेची गोळी. मरळीला मात्र सगळंच उलटं: आखूड जाड काठी, जाड तंगूस, मोठा गळ, आणि त्याला जिवंत बेडकी. मरळीला दात असतात. तिच्यासमोर बारीक तंगूस न्यायचा म्हणजे कोंबडी राखायला मांजर ठेवायचं. हे मला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या ताटातली भाकरी चाचपून शोधावी लागत होती, आणि तरी माझी गाठ चुकली की ते नुसत्या बोटानं ओळखून म्हणायचे, "ही कुणी बांधली बे?" बायामाणसांना 'बे' म्हणत नाहीत. पण गळाच्या बाबतीत ते मला माणसात धरायचे, याचं मला कौतुक वाटायचं.

मग तो दुष्काळ आला. दोन पावसाळे कोरडे गेले आणि तलाव आटत आटत बांधाच्या भिंतीच्या पोटाशी एक डोह उरला. आमच्या वस्तीच्या चौकापेक्षा थोडा मोठा. जाळं टाकलं असतं तर एका सकाळीत सगळं साफ. म्हणून सोसायटीनं ठराव केला: जाळं बंद, फक्त गळ. प्रत्येक सभासदाला दहा दिवसांनी एक पाळी. किलोच्या आतला मासा परत सोडायचा. सभासद थकलेला असेल तर घरच्या माणसानं पाळी धरली तरी चालेल. पण लागोपाठ चार पाळ्या रिकाम्या गेल्या तर तो घरधनी मासेमारी करत नाही असं धरून नाव कमी करायचं. सभासद व्हायला बाहेर लोक टपलेले होते, म्हणून ही अट.

आणि एक नियम ठरावाच्याही आधीचा, बापजाद्यांपासूनचा: पिलांवरची मरळ धरायची नाही. मरळ पिलं काढते आणि नर-मादी दोघं त्या पिलांच्या गोळ्याखाली राखणीला राहतात. गोळ्यावरून बेडकी ओढली की राखणदार भुकेनं नाही, रागानं तोंड घालतो. लहान लेकरूसुद्धा धरील इतकं सोपं. राखणदार गेला की बाकीचे मासे पिलं खाऊन टाकतात. चेअरमन म्हणायचे, "कटल्याचं बी सरकार देतं, मरळीचं बी कोण देणार? तुमचा मेव्हणा?" हा नियम सभासदानं मोडला तर नाव कमी. त्यात माफी नव्हती.

आमची पाळी मी धरायला लागले. पहिल्या दिवशी भिंतीवर बसलेले दोघं-तिघं हसले. "आता गळबी चुलीपाशी जाणार," एकजण म्हणाला. मामा माझ्यामागं दगडावर बसलेले, ते म्हणाले, "तुझा गळ चुलीपाशी जाऊन तर बघू दे, तिकडं मासा तरी लागंल." पण मासा काही लागला नाही. मी शहाणपणा करून बारीक तंगूस लावला होता, रहूच्या आशेनं. काहीतरी जड लागलं आणि तंगूस कापून गेलं. दुसऱ्या पाळीला गांडुळं लावली, ती सगळी चिलापीच्या पिल्लांनी कुरतडून नेली. तिसऱ्या पाळीला दिवसभर काहीच हललं नाही. ऊन असं की दगडाला हात लावता येईना.

रात्री जेवताना मामा एवढंच म्हणाले, "कार्ड पुसलंस का गं या हप्त्यात?" त्यांना ते कार्ड दिसत नव्हतं. चौथी पाळी रिकामी गेली की ते कार्ड नुसता पुठ्ठा होणार होतं.

त्या दहा दिवसांत मी स्वयंपाकापेक्षा सामानावर जास्त वेळ घातला. नवऱ्याची जुनी सायकल पडलेली होती, तिच्या ब्रेकची वायर उसवून एक धागा काढला. तो गळाच्या वर वीतभर बांधला, दाताला दात. तंगूस सगळ्यात जाड. बाजारातून पाच गळ आणून नखावर तपासले, एकच पास झाला. शिसं नाही, तरंगायला मोराचं पीस नाही, काही नाही, कारण बेडकी पाण्यावरच फदफदत गेली पाहिजे. बेडक्याही दुष्काळात कुठं मिळतात? हापशाच्या ओट्याखालच्या चिखलात दोन सापडल्या. मामांनी सगळं चाचपून बघितलं, वायरच्या गाठीवर बोट थांबवलं आणि म्हणाले, "हे मी न्हाई शिकवलं." मी म्हटलं, "न्हाई." त्यांना बरं वाटलं.

चौथ्या पाळीला आम्ही उन्हं चढायच्या आत डोहावर गेलो. चार दिवसांपूर्वी वळवाचा शिंतोडा येऊन गेला होता. डोहाच्या पलीकडच्या अंगाला थोडं गवत होतं, मी तिकडं सरकले. आणि मला दिसलं. गवताच्या कडेला ताटाएवढ्या जागेत पाणी रटरटत होतं, आधण आल्यासारखं. लालसर झाक. बारीक बारीक तोंडं वर येऊन हवा घेत होती.

मामा मागून म्हणाले, "पाणी रटरटल्यावानी वाटतंय का कुठं?" त्यांना आवाज आला असावा. ते कान लावून बसले होते.

मी म्हटलं, "न्हाई मामा. वारा हाय."

मला कळत नव्हतं असं मी कुणाला सांगितलं तर ते खोटं आहे. मला सगळं कळत होतं. त्या रटरटण्याखाली काय आहे, नियम काय आहे, सगळं. पण चौथी पाळी होती. मी बेडकी मांडीच्या कातड्यातून ओवली, गवताच्या पलीकडं टाकली आणि पिलांवरून ओढली. पहिल्याच ओढीला पाणी फुटलं. काठी बुडापर्यंत वाकली. वायर टिकली, गाठ टिकली, गळ सरळ झाला नाही. सगळं सामान जसं पाहिजे तसं वागलं. तीन किलोच्या आसपासची मरळ मी चिखलावर ओढून काढली आणि वेड्यासारखी ओरडले, "मामा, लागली!"

मामा उठून काठीनं वाट चाचपत आले. खाली बसले. माशाच्या डोक्यावरून हात फिरवला, जबड्यावरून, मग पोटावर आणला. तिथं हात थांबला. राखणीवरची मरळ खात नाही, तिचं पोट खपाटीला गेलेलं असतं. त्यांनी दोनदा पोट चाचपलं. मग हात गवताला पुसला आणि म्हणाले, "चल. वजन करायचं."

मी शरमेनं मेले होते, पण मरळ टोपलीत घेतलीच. इतकी खोल गेल्यावर मागं कसं यायचं ते मला माहीत नव्हतं.

वजनकाटा भिंतीच्या पायथ्याला लिंबाखाली असायचा. चेअरमन मामांच्याच वयाचे, बरोबर पोहायला शिकलेले. त्यांनी मरळ उचलली, पोटाकडं बघितलं आणि खाली ठेवली. काट्यावर ठेवली नाही. तिथं पाच-सात सभासद होते, एकालाही काही विचारावं लागलं नाही.

"ही कुणी धरली?" चेअरमन म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "मी."

कुणीतरी हसल्यासारखं केलं. चेअरमन म्हणाले, "तुला दिसतंय का बे?"

"दिसायला कशाला पायजे? बेडकी हाताला कळती. मीच ओढली पिलांवरून."

चेअरमननी माझ्याकडं बघितलं. "अजून कुणाला काय बोलायचंय?" पुन्हा विचारलं, "कुणाला काय सांगायचंय का?" मी माझ्या पायाच्या बोटांकडं बघत राहिले. बोटांना चिखल लागला होता, तो वाळून पांढरा पडत होता. त्यांनी वहीत मामांचं नाव कमी केलं.

तीन दिवसांत पिलांचा गोळा संपला. दुसरा राखणदार होता, पण एकट्याच्यानं काय होतं! मी जाऊन बघायची, ताटाएवढं पाणी वाटीएवढं झालं आणि मग काहीच नाही. मामा त्यानंतर तलावावर गेले नाहीत. सभासद नसलेला माणूस भिंतीवर बसून काय करणार, म्हणायचे. कार्ड त्यांनी स्वतः चौकटीतून काढून सोसायटीला परत पाठवलं. गळ बांधायला मात्र मला बसवायचे, अंगणात, पाण्याशिवाय. गाठ चुकली की पूर्वीसारखंच बोलायचे. त्या सकाळीबद्दल त्यांनी मला एक शब्द विचारला नाही, आणि मला स्वतःहून तो काढायचं धाडस झालं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, त्याच्या पुढच्या वर्षी तलाव भिंतीला लागला. सोसायटीला माणसं कमी पडत होती, बरेचजण उसाकडं गेले ते तिकडंच राहिले. मामा म्हणाले, "अर्ज टाक. तुझ्या नावावर डाग न्हाई." तेव्हा मला उमगलं की त्या लिंबाखाली त्यांनी काय हिशेब केला होता. त्यांची जागा अशी ना तशी जाणारच होती, माझी वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. मी अर्ज टाकला.

सभेत माझं नाव वाचलं गेलं. चेअरमननी रिवाजाप्रमाणं विचारलं, "पिलांवरची मरळ धरायची न्हाई. कबूल?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "कबूल हाय. पण आधी ऐका. ती मरळ मामांनी धरली न्हवती, मी धरली होती. अर्ज फाडायचा तर फाडा."

कुणी दचकलं नाही. भिंतीवर हसणारा तो माणूससुद्धा बिडी विझवत खाली बघत बसला. चेअरमन म्हणाले, "सूनबाई, ते त्या दिवशीच साऱ्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्याला स्वतःच्या चपला घावत न्हाईत, तो बेडकी ओढतोय? मी दोनदा इचारलं, तुझ्या तोंडाकडं बघून इचारलं. नियम सभासदाला हाय. तू सभासद न्हवतीस. तू बोलली असतीस तर मासा लागला म्हणून पाळी भरलेली धरली असती, वरून तुला एक मोसम गळ बंद, बस. त्याचं नाव ऱ्हायलं असतं. पण सभासद आपल्या तोंडानं कबूल करतो म्हणल्यावर मी काय करू?"

मग त्यांनी अर्ज मंजूर केला आणि सही करायला वही माझ्याकडं सरकवली. मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

घरी आले तेव्हा मामा ओट्यावर बसलेले होते, पावलाच्या आवाजावरून त्यांनी मान वर केली. "झालं का गं?"

"झालं मामा. घेतलं."

"बघ," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्यांना ठसका लागला. "मी बोललो म्हणून झालं. त्या दिवशी तू बोलली असतीस तर दोघंबी गेलो असतो. चेअरमन काय म्हणला?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "सही घेतली अन् चहा पाजला."