सोडवलेल्या वायरी आणि उघडं गेट

अशा सदरांतले अनुभव मी डबा खाताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. कुणाला जिन्यावर बाई दिसते, कुणाच्या घरात भांडी वाजतात... माझा विश्वास मल्टिमीटरवर. वायर जोडलेली असते किंवा सुटलेली असते, मधलं काही नसतं. निदान मागच्या वर्षीच्या एका रविवारपर्यंत माझं हेच ठाम मत होतं.

मी रावेतला राहते, भोसरीतल्या एका छोट्या ऑटोमेशन फर्ममध्ये कंट्रोल इंजिनीअर आहे. चाकणच्या एका कंपनीत आम्ही वेल्डिंगचा रोबो बसवत होतो. रोबोभोवती जाळीचं कुंपण, त्याला एक गेट आणि गेटला सेफ्टी स्विच. गेट उघडलं की रोबो जागच्या जागी थांबला पाहिजे. सोबत फिटर होते शिंदेकाका, पन्नाशीचे, चाकणजवळच्याच गावातले. पहिल्याच दिवशी मी त्यांना शिकवलं होतं, "काका, आत जाताना गेट सताड उघडं ठेवायचं. गेट उघडं असलं की रोबो हलूच शकत नाही."

शनिवारी ते गेट बिजागरीत लोंबलं. स्विच जुळेना, रोबो सारखा थांबायला लागला. मला तर त्याचा वेल्डिंगचा मार्ग तपासायचा होता. गेटचा स्विच आणि ऑपरेटरच्या टेबलावरचं लाल इमर्जन्सी बटन एकाच लाइनमध्ये होते. मी ती लाइनच कंट्रोलरमधून, म्हणजे रोबो चालवणाऱ्या कपाटातून, सोडवली, वायरींच्या टोकांना टेप गुंडाळली आणि टर्मिनलवर जम्पर मारले — म्हणजे वायरचे दोन छोटे तुकडे. त्यामुळे रोबोला वाटतं की गेट कायम बंदच आहे. काम झालं की ते काढायचे असतात. मी विसरले. याला दुसरं नाव नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी टेबलाशी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते. काका काहीतरी म्हणाले, मी "हं" म्हटलं. मला वाटलं चहाला गेले. पाच-सात मिनिटांनी मी रोबो ऑटोवर टाकला आणि स्टार्ट दाबलं.

रोबोचा हात वर उठला, वळला — आणि तेव्हा मला फिक्श्चरच्या, म्हणजे वेल्डिंगचा भाग धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, मागून पिवळं हेल्मेट वर येताना दिसलं.

मी लाल बटनावर तळहात आपटला. काही झालं नाही. पुन्हा आपटला. अर्थातच काही होणार नव्हतं, ते बटन मीच निकामी करून ठेवलं होतं! कंट्रोलरवरचं दुसरं बटन वेगळ्या लाइनवर होतं, पण दहा-बारा पावलं लांब. मी जागची हलले नाही. पाय हललेच नाहीत. मी नुसती ओरडले, "काका!"

आणि रोबो थांबला.

ब्रेक लागल्याचा तो खाडकन आवाज आला. वेल्डिंग गनचं टोक काकांच्या छातीपासून चार बोटांवर होतं. टेबलावरचा लाल दिवा लागला, स्क्रीनवर एकच ओळ — गेट उघडं आहे.

काका फिक्श्चरला पाठ घासत खाली सरकले, रांगत बाहेर आले आणि सवयीनं मागे गेट ओढून घेतलं. गेट लागलं... आणि लाल दिवा विझला.

"येळेवर थांबवला बघा मॅडम," ते म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

मी हो म्हणू शकले असते. पण मला खोटं बोलायलाही सुचत नव्हतं. "मी नाही थांबवला, काका. मी जम्पर काढायला विसरले होते. गेटची वायर जोडलेलीच नाहीये."

"म्हंजे... गेट उघडं असून त्यो हालला?"

"हो."

ते शेडबाहेर गेले. फोनवर बायकोला विचारत होते, भाजी काय केलीय म्हणून. मी तिथेच फरशीवर बसले. मग उठून कंट्रोलर उघडला. दोन्ही जम्पर जागेवर, स्क्रू घट्ट. ओढून पाहिले, मल्टिमीटर लावला — लाइन पूर्ण जोडलेली. गेटच्या वायरी टेप गुंडाळलेल्या, तशाच लोंबत होत्या. गेट उघडं आहे हे त्या कंट्रोलरला कळायला रस्ताच नव्हता!

काका परत आले. सगळं बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा चालवा."

त्यांनी स्वतः एक रिकामं खोकं आणून, मघाशी ते उभे होते तिथे स्टूलवर ठेवलं. गेट सताड उघडलं आणि लांब कंट्रोलरपाशी जाऊन उभे राहिले. मी स्टार्ट दाबलं.

रोबो थांबला नाही. गन खोक्यात घुसली, खोकं फाटलं, स्टूल लांब उडालं. काकांनी तिथलं बटन दाबलं तेव्हा कुठे हात थांबला. आम्ही आणखी दोनदा करून पाहिलं. मी ओरडूनसुद्धा पाहिलं... हसू नका. एकदाही तो आपणहून थांबला नाही.

काकांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. "मी उद्या येतो कामाला. पर तुमच्या हाताखाली न्हाई."

मी तेव्हाच जम्पर काढले, वायरी जोडल्या आणि संध्याकाळी साहेबांना सगळं लिहून पाठवलं. सहा महिने मला साइटवर जाऊ दिलं नाही. त्यात चूक काहीच नव्हतं. रोबोच्या सर्व्हिस इंजिनीअरनं कंट्रोलर तपासला, केबली बदलल्या, अलार्मची यादी दोनदा वाचली. गेट उघडल्याची नोंद त्यात होती, बंद झाल्याचीही होती. तो म्हणाला, "मॅडम, जम्पर असताना ही ओळ इथे येऊच शकत नाही." रिपोर्टात त्यानं 'कारण आढळले नाही' असं लिहिलं.

गेल्या महिन्यात चाकणच्या बसस्टॉपवर काका भेटले. मी नजर चुकवत होते, तेच जवळ आले.

"सापडलं का वो काय?"

"नाही काका."

"हालला कशानं, ते तुमी त्याच दिशी सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. पर थांबला कशानं?"

त्यांची बस आली, ते चढले... आणि खिडकीतून त्यांनी मला हात केला.