नलूने न तपासलेला ड्राइव्हवे

नलू गेल्याचा फोन आला आणि आमचे हे चहाचा कप हातात धरूनच रडायला लागले. मी विचारलं, "अहो, माझ्यासाठी एवढं रडाल का?" डोळे पुसत म्हणाले, "तू आधी जाणार आहेस का?" तीन आठवडे झाले, माझी जळजळ काही थांबलेली नाही…

हे रस्त्याच्या कंत्राटदाराकडे इंजिनियर, नलू तिथेच रस्त्याचे थर तपासणारी. खडीत गुडघे टेकून छोटा खड्डा खणायचा, निघालेला माल तोलायचा, खड्डा मोजलेल्या वाळूने भरायचा. मग थर किती दबलाय ते कळतं. "आज नलूने अख्खा थर फेल केला!" हे घरी येऊन कौतुकाने सांगायचे. माझी आमटी फेल झाली की मात्र तोंड वाकडं. एकदा मी लिपस्टिक लावून, डब्याचं निमित्त काढून साइटवर गेले, दोघांना पकडायला. पाहते तर ती यांच्यावर ओरडतेय, "रोलर परत फिरवा, नाहीतर सही मिळणार नाही!" आणि हे मुकाट ऐकतायत. घरी येऊन मी रडले. माझं कधी ऐकलं होतं असं?

पुढे आमच्या ग्वेल्फ गावातल्या घराचा ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपुढची गाडीची वाट, करायला घेतला. नलू वाळूची बरणी घेऊन दारात. "डांबर पडायच्या आधी खालचा थर बघून देते गं." मी फणकारले, "आमचं घर आहे बाई, हायवे नाही." तिने गॅरेजपाशी नुसती टाच दाबली, "इथे खचेल" म्हणाली आणि चहा न घेता गेली.

पुढच्याच वसंतात बर्फ वितळलं आणि बरोब्बर तिथे परातीएवढं डबकं! तेव्हापासून नलू यायची असली की मी गाडी त्याच्यावर उभी करायला लावायची. एवढी शहाणी मी.

तिच्या शेवटच्या आजारात हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तेव्हा तिने विचारलं, "ड्राइव्हवे कसा आहे गं?"

"ठणठणीत."

"खोटारडी. तुझी गाडी इतकी वर्षं वाकडी का उभी असते, मला कळत नाही होय?"

तेव्हा तरी म्हणायचं होतं, तुझंच बरोबर होतं. मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

काल मुलगा म्हणाला, "आई, लेट्स फिक्स इट." मी त्याला फक्त गाडी काढायला सांगितली. हे डबक्याच्या काठाशी गेले आणि टाच दाबून पाहिली. अगदी तिच्यासारखी. माझा जीव परत जळला. मग मीही पायरी उतरले, भर पाण्यात टाच दाबली. मोजा भिजला.

"खचलंय गं," मी मोठ्याने म्हटलं.