पुढच्या सीटवरून

आमच्या आमदारसाहेबांमुळे माझी आई वाचली. शाळा सातवीत सुटल्यापासून मी सुरतेत कापडाच्या लूमवर आहे. आई सातपुड्यातल्या पाड्यावर तापाने पडली, तेव्हा साहेबांनी स्वतःची गाडी पाठवून तिला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं.

साहेब कुणालाच नाही म्हणत नाहीत. धरणाला जमीन देणार नाही म्हणणारे आम्ही डोंगरातले, पाणी पाहिजे म्हणणारे सपाटीवरचे. मान हलवून दोघांनाही सांगतात, तुमचं बरोबर. आमच्याशी आमच्या बोलीत बोलतात, खाली सपाटीवर अहिराणीत. चहा दोन्हीकडे अर्धाच पितात.

यंदा निवडणूक अटीतटीची, म्हणून मला बोलावून घेतलं. पाड्यापाड्यावर पुढच्या सीटवर शेजारी बसवलं, आईची गोष्ट सांगायला लावली. घाट उतरून शहाद्याच्या रस्त्याला लागलो, तशी त्यांनी गाडी थांबवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून अहिराणीत म्हणाले, "भाऊ, आते तू मांगनी गाडीमा बस. तुले पुढे देखीसन खालना लोके नाराज व्हतीन."

मी मागच्या गाडीत झेंड्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसलो.

आईसाठी केलेलं मी विसरणार नाही. मतदानाला खाडा करून सुरतेहून येईन, मत साहेबांनाच देईन. तेवढं एकदा फिटू दे, मग त्यांच्या कुठल्याच गाडीत बसायचं नाही.